गोधडीवर सून चार वेळा

भिंत अंगावर आली तेव्हा मी भाकरी उलटत होते.

बाहेर पोलीस ओरडत होते, बायका ओरडत होत्या, पिवळं मशीन घुरघुरत होतं. ते सगळं मला ऐकू येत होतं, मी बहिरी नाही. पण तव्यावर भाकरी होती आणि ती करपली असती. बाहेर या म्हणून दोनदा सांगून गेले, दोन्ही वेळा मी म्हणाले, येते. मग चुलीमागची भिंत पुढं झुकली, वरचे दोन पत्रे निखळले आणि धुरळ्यात मला माझाच हात दिसेना. तेव्हा सून आत शिरली. डाव्या काखेत खुडुक कोंबडी, उजव्या हातानं माझा दंड. मला तिनं पोत्यासारखं ओढलं. कोंबडी आधी उचलली की मला आधी धरलं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

दारात एक पोलीस काठी घेऊन उभा होता. आम्ही घरातून बाहेर पडत होतो, आत घुसत नव्हतो. तरी त्यानं मारलं. पहिली काठी माझ्या पाठीवर बसली, दुसरी सुनेच्या उजव्या मनगटावर. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तिनं माझा दंड सोडला नाही, कोंबडीही सोडली नाही. तिची हिरवी साडी पत्र्याच्या कोपऱ्यात अडकून टरकली, आम्ही दोघी हेलपाटलो आणि मी हापशाजवळच्या चिखलात उताणी पडले. पुढचा बराच वेळ मला फक्त आभाळ दिसत होतं.

आमची वस्ती सेनगावच्या अंगाला, गायरानावर आहे. माझे सासरे तिथं राहायला आले तेव्हा नुसते दगड आणि बोराट्या होत्या. दगड त्यांनी वेचले. आता त्या जागेवर सोलरच्या पाट्या बसवायचं ठरलं होतं. नोटीस आम्ही वकिलाकडं दिली होती, तारीख पडायची होती. तारखेच्या आधी मशीन आलं, तेही सकाळी, पुरुष माणसं कामाला गेल्यावर. निम्मी घरं पाडली आणि थांबलं. पुढं वकिलानं स्टे आणला, म्हणून उरलेली उभी आहेत.

त्या गोंधळात एका शिपायाचं डोकं फुटलं. मशीनच्या बकेटातून पत्रा निसटला आणि त्याच्यावर पडला. हे मी पाहिलं नाही, मी उताणी होते. माझ्या धाकट्या जावेनं पाहिलं. पण संध्याकाळी पोलीस आले आणि माझ्या सुनेला घेऊन गेले. कागदावर लिहिलं होतं की तिनं उजव्या हातानं दगड मारून शिपायाचं डोकं फोडलं. ज्या हाताचं हाड मोडलं होतं, तोच हात त्यांनी लिहिला. अकरा दिवसांनी ती जामिनावर आली, प्लास्टर घालून. वकील म्हणाला, केस टिकली तर दोन वर्षं तरी आत जावं लागेल.

फोटो काढायला सगळ्यांकडं फोन होते. ते पोलिसांनी सकाळीच गोळा केले होते, नंतर मिळतील म्हणून. मिळाले, पण आत काही नव्हतं. माझ्या जावेच्या फोनात तिच्या नातवाच्या बारशाचे फोटो होते, तेसुद्धा पुसले. आमचे जबाबही घेतले होते, अंगठे घेतले होते. वकिलानं ते वाचून दाखवले तेव्हा आम्हाला कळलं की आम्ही सगळ्या एकच वाक्य बोललो आहोत. घरे रिकामी होती, कोणासही मारहाण झाली नाही. मी चौथी शिकलेली आहे, मला सही येते. माझ्या नावापुढंही अंगठाच होता.

मग कळलं की चौकशीला बाहेरच्या जिल्ह्यातले एक साहेब येणार आहेत. वकील म्हणाला, पुरावा काय असेल तो तयार ठेवा. आमच्याकडं पुरावा म्हणून एक प्लास्टर होतं आणि चिंध्या होत्या.

चिंध्या मात्र खूप होत्या. पांघरुणं मातीखाली गेली होती, उकरून काढलेले कपडे फाटले होते, आणि थंडी तोंडावर आली होती. तेव्हा आम्ही चौघी लिंबाखाली गोधड्या शिवायला बसलो. मी, माझी धाकटी जाऊ, पिंजाऱ्याची भाभी आणि बचत गटाची अध्यक्ष. भाभीचा नवरा बाजारात गाद्या भरतो, त्यामुळं तिच्याकडं मोठ्या सुया आणि जाड दोरा असतो. अध्यक्ष सातवी शिकलेली, आमच्यात सगळ्यात तरुण, आणि बसल्या बसल्या सगळ्यांना कामं वाटून देते. जावेनं एक पिवळं ठिगळ गोधडीवर ठेवलं, खाली दोन काळी गोल ठेवली आणि म्हणाली, "बाई, हे बघा. मशीन."

आम्ही हसलो. मग हसायचं थांबलो.

"मावशी, समदंच शिवू की," भाभी म्हणाली. "जे जिला दिसलं ते."

गोधडी एका जागी पसरून चौघींनी चार बाजूंना बसायचं, आपापल्या काठापासून सुरू करायचं आणि शिवत शिवत मध्याकडं सरकायचं, ही आमची रीत. पण एवढी मोठी गोधडी महिनाभर पसरून ठेवायला कुणाकडंच जागा राहिली नव्हती. म्हणून मी चार तुकडे केले, जिनं तिनं आपल्या घरी, नाहीतर पडक्या घराच्या आडोशाला शिवायचे. तू हापशाकडचं शिव, तू रस्त्याकडचं, असं जी जिथं उभी होती तिला तिकडचं दिलं. हापशाकडचं माझं. कपड्यांच्या चार सारख्या पुड्या मी स्वतः बांधल्या. मशीनला पिवळं, घरांना पांढरं, पत्र्याला राखाडी. सुनेची साडी वाया गेलीच होती, तीही फाडून चौघींत वाटली. हिरवं लिंबाला लागेल, असं माझ्या मनात होतं. लिंब वस्तीच्या मधोमध आहे, तो चारी बाजूंनी दिसतो. मनात होतं, तोंडानं बोलले नाही.

राहिली खाकी. ती वस्तीवर एकाच ठिकाणी होती. आमचा म्हातारा पूर्वी कापसाच्या जिनिंगवर वाचमन होता, त्याची पँट त्यानं पंधरा वर्षं घडी घालून ठेवली होती. मातीतूनही पहिली तीच काढली.

"माझ्या पँटीला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला.

"तुमाला कुठं पुन्हा ड्यूटीला जायचंय?"

"अन् पोलिसाला माझीच पँट काहून?"

"पोटाकडं ढिली हाय," जाऊ पदराआडून म्हणाली. "त्यायला बराबर बसते."

म्हातारा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः विचारायला आला की पँटीचे किती पोलीस झाले. अकरा, असं सांगितल्यावर त्याला बरं वाटलं.

दुसरा वाद तोंडांवरून झाला. भाभी म्हणाली, "मावशी, मी माणसं शिवते, पन डोळे-तोंड न्हाई काढनार. आमच्यात चालत न्हाई."

"मग कोन कोन हाय ते कळंल कसं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पोलिसाचं तोंड पाहिलंय कोनी?" जाऊ म्हणाली. "मी तर काठीच पाहून राहिले होते."

ते खरं होतं. तोंड मलाही आठवत नव्हतं. मी म्हणाले, कुणालाच तोंड नको, आपल्यालाही नको. कपड्यावरून ओळखायचं. भाभी खूश झाली आणि आमचंही काम वाचलं, कारण नाक शिवणं फार किचकट असतं.

त्या दीड महिन्यात आम्ही जेवढं हसलो तेवढं त्याआधीच्या पाच वर्षांत हसलो नसू. घर पडलेलं, सून जामिनावर, आणि आम्ही चौघी तुकडे घरी ठेवून संध्याकाळी लिंबाखाली जमायचो आणि पोट धरून हसायचो. लाज वाटण्यासारखं असेल, मला वाटली नाही. सुनेला प्लास्टरमुळं शिवता येत नव्हतं. ती चारी घरं फिरून प्रत्येकीला सुई ओवून द्यायची, डाव्या हातानं, आणि जाता जाता बोलून जायची. "आत्या, तुमचा पोलीस लंगडा व्हऊन राहिलाय." "लंगडाच बरा," मी म्हणायची. कुणाच्या तुकड्यावर काय आहे हे तिनं एका घरातून दुसऱ्या घरात कधी सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं. नंतर मी तिला रागावले तर म्हणाली, "मला कुनी विचारलंच न्हाई."

साहेब यायच्या दोन दिवस आधी आम्ही तुकडे जोडायला भाभीच्या अंगणात बसलो. तिचं घर वाचलं होतं. चारी तुकडे एकमेकांना लावून पसरले.

पहिली चूक लगेच दिसली. प्रत्येकीनं सवयीनं आपल्या काठापासून सुरुवात केली होती. त्यामुळं सगळ्या माणसांचे पाय बाहेरच्या काठाला आणि डोकी मध्याकडं. कुठूनही बघा, एक बाजू सरळ, समोरची उलटी आणि उरलेल्या दोन आडव्या.

दुसरी चूक मी मोजली. एक हिरवी बाई माझ्या तुकड्यावर. एक भाभीच्या. एक जावेच्या. एक अध्यक्षबाईंच्या.

"माझी सून चार?" मी म्हणाले. "अन् लिंब कुठंय?"

चौघींनी गोधडीवर लिंब शोधला. नव्हता.

"हिरवं मी लिंबासाठी दिलं व्हतं!"

"सुनेची साडी हातात देता अन् लिंब काढा म्हनता?" भाभी म्हणाली. "मावशी, तुमीबी सूनच काढली की."

हेही खरं होतं. शिवायला बसले तेव्हा लिंब माझ्याही डोक्यातून गेला होता.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तीन उसवा, एक ठेवा. न्हाईतर साहेब हसतील." मग कुणाची ठेवायची यावरून भांडण लागलं. भाभीनं काढलेल्या सुनेच्या काखेत कोंबडी शेळीएवढी होती. अध्यक्षबाईंची सून पुढाऱ्यासारखी ताठ उभी. जावेच्या तुकड्यावर सुनेच्या हाताला एक लुगडं लोंबत होतं, दोन्ही पाय आभाळाकडं.

"ही कोन?" मी विचारलं.

"तुमी," जाऊ म्हणाली.

"मला अशी पाडलीस?"

"पडल्याच होत्या तुमी, बाई. अशाच."

सून प्लास्टर मांडीवर ठेवून बसली होती. ती म्हणाली, "प्लास्टर कोनीच काढलं न्हाई."

"ते नंतरचं हाय," आम्ही चौघी एकदम ओरडलो.

उसवायचं राहिलं ते शहाणपणानं नव्हे. दोरा दुहेरी होता, टाके बारीक होते आणि वेळ नव्हता. अस्तर लावलं, आत जुनी लुगडी भरली. शेवटचा टाका घालायच्या आधी मधोमध भाकरीचा वाळका तुकडा ठेवला. आमच्याकडं गोधडी उपाशी शिवत नाहीत. मग तोंड बंद केलं.

चौकशी शाळेच्या खोलीत होती. साहेब बारीक, चष्म्यातले. शेजारी कारकून मशीनवर लिहायला. पलीकडं पोलिसांकडचे एक अधिकारी, ते सारखे घड्याळ बघत होते. आम्ही टेबलापुढची जागा झाडून गोधडी अंथरली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"गोधडी."

"आजी, मला लेखी पुरावा लागतो."

"लेखी तुमच्याकडं हाय की. आमच्या अंगठ्यांचं. ते वाचा, अन् मग हे बघा."

साहेब उठले. मान वाकडी करून बघू लागले, मग दुसरीकडं वाकडी केली. "याची वरची बाजू कोणती?"

"गोधडीला वरची बाजू नसते साहेब. जिनं शिवली तिच्याकडून बघायची. अन् पाय द्यायचा असला तर बूट काढा."

त्यांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. भाभीनं पदर तोंडात कोंबला. साहेब एका काठापासून दुसऱ्या काठाला फिरले, गुडघ्यावर बसले, पुन्हा फिरले. मध्यभागी हात गेला तेव्हा थांबले.

"आत काहीतरी टणक आहे."

पोलिसांकडचे अधिकारी लगेच पुढं आले. "उसवून बघायला लागेल, सर."

"भाकरी हाय," मी म्हणाले. मग गोधडी उपाशी शिवत नाहीत हे सांगावं लागलं. कारकुनानं विचारलं, हे लिहू का? साहेब म्हणाले, "लिहा."

मग त्यांनी विचारलं, "या हिरव्या चार बायका कोण?"

अध्यक्षबाईंचा चेहरा पडला. "एकच हाय साहेब. यांची सून. जिच्यावर केस हाय ती. आमची चूक झाली. कोन काय शिवतंय ते एकमेकीला ठाऊक नव्हतं." आणि तिनं पुड्यांची, हिरव्याची, लिंबाची सगळी गोष्ट सांगून टाकली. मी तिला कोपर मारत होते, ती थांबेना. मला वाटलं, झालं, सून गेली आत.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. आम्हाला चौघींना बाहेर काढलं आणि एकेकीला आत घेतलं. मला एवढंच विचारलं, तुम्ही कुठं होतात, आणि तिच्या हातात काय होतं. मी सांगितलं, हापशाजवळ उताणी, एका हातात मी, दुसऱ्यात कोंबडी. भाभीला विचारलं, ही शेळी आहे का? ती म्हणाली, कोंबडी हाय साहेब, कापड मोठं उरलं व्हतं. जावेनं आणि अध्यक्षबाईंनी आपापल्या बाजूनं पाहिलं होतं. त्या दोघींच्या तुकड्यांवर एका खाकीच्या डोक्यावर राखाडी पत्रा होता. तोही त्यांनी एकमेकींना न सांगता शिवला होता. साहेबांनी दोघींना वेगवेगळं तेवढंच विचारून घेतलं.

खिडकी उघडी होती. आम्ही व्हरांड्यात होतो, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"या बायकांना शिकवून आणलंय, सर," पोलिसांकडचे अधिकारी म्हणाले.

"शिकवून आणलं असतं," साहेब म्हणाले, "तर एकच शिवली असती."

मग तो शिपाई आत गेला, डोकं फुटलेला. जखम भरली होती. दगड कुणी मारला ते पाहिलं का, असं साहेबांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, पाहिलं नाही, मागून काहीतरी लागलं. साहेब म्हणाले, इथं बसून बघा. तो गोधडीपाशी बसला. बराच वेळ बसला. बाहेर आला तेव्हा आमच्याकडं न बघता म्हणाला, "पत्रा बराबर हाय." माणूस वाईट नसावा. काठीवाला तो नव्हे.

त्यांना गोधडी जमा करून घ्यायची होती. मी म्हणाले, थंडी आहे, फोटो काढा. कारकुनानं खुर्चीवर चढून काढले. पूर्ण येईना म्हणून टेबलावर चढला. ते फोटो कुणी पुसले नाहीत.

उन्हाळा लागल्यावर वकिलाचा फोन आला. सुनेचं नाव केसमधून काढलं. ती तेव्हा गोवऱ्या थापत होती. प्लास्टर निघालं होतं, मनगट जरा वाकडं बसलं आहे. तिनं ऐकलं, "बरं" म्हणाली, हातातली गोवरी थापली आणि मग शेणाच्या हातानंच माझ्या गळ्यात पडली. लुगडं दोनदा धुवावं लागलं. म्हातारा म्हणाला, आता माझ्या पँटीचं काय? त्याला पुण्यात कामाला असलेल्या आमच्या मुलानं नवी आणली, निळी. ती तो घालत नाही, घडी घालून ठेवली आहे. भाभीनं शिरखुर्मा केला, ईद नसताना. जावेनं गल्लीभर सांगितलं की तिच्या शिवणकामामुळं सून सुटली. भाभीही तेच सांगते, अध्यक्षबाईही. मी तर सांगतेच.

काठीवाल्याचं काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. काही झालं नसावं. जागेची केस चालू आहे. मी घर पुन्हा बांधलं, या वेळी चूल दाराजवळ ठेवली.

एक शिकलेली मुलगी मधे येऊन गेली. तिला गोधडी शहरात नेऊन भिंतीवर लावायची होती. मी विचारलं, भिंतीला थंडी वाजते का? ती हसली, पण मी विनोद केला नव्हता. गोधडी एकेक महिना एकेका घरी असते. थंडीचा महिना कुणाला मिळायचा यावर दर वर्षी भांडण होतं. यंदा तो सुनेला मिळाला, कारण तिला मुलगी झाली आहे, चार महिन्यांची. ती बरोबर भाभीच्या कोंबडीवर मुतते. आम्ही धुतो, वाळत घालतो. ऊन लागलं की हिरवा रंग अजून चमकतो, साडी चांगल्यापैकी होती.

लिंब राहिला तो राहिलाच. जाऊ म्हणते, दुसरी गोधडी करू. मी म्हणते, झाड जागेवर आहे, जाऊन बघ.

भिंत पडली तेव्हा आत मी, माझी सून आणि खुडुक कोंबडी होतो. तिघी वाचलो.